चारचौघांत

१२ डिसेंबर

आजपासून दहावीची सायंकाळची अभ्यासिका सुरू केली. शाळा सुटली की थोडी सुट्टी, मग अंधार पडेपर्यंत गणित आणि इंग्रजी. शिक्षकांची तोंडं वाकडी झाली. दहावीचे वर्गशिक्षक वैजनाथ सर तामलवाडीहून मोटरसायकलवर ये-जा करतात. ते म्हणाले, थंडीचे दिवस, अंधारात घरी जायचं म्हणजे अवघड होतं मॅडम. मी म्हटलं, सर, तुम्हाला हेडलाईट तरी आहे, पोरांना तेवढाही नाही, ती कुठं तक्रार करतात?

मुख्याध्यापिका म्हणून माझं हे चौथं वर्ष. त्याआधी या शाळेला बाई मुख्याध्यापक मिळाली नव्हती आणि गावातल्या काही जणांना ती अजूनही नकोच आहे. पण आठवीनंतर घरी बसवलेल्या मुलींच्या दारात मी मे महिनाभर जाऊन उभी राहते. पोरीची जबाबदारी माझी, असा बापाला शब्द देते आणि जूनमध्ये ती पोर वर्गात बसलेली असते. हे कुणालाही नाकारता येत नाही. यंदा दहावीत मुलांपेक्षा मुली जास्त आहेत.

त्यांत सृष्टी सगळ्यांत हुशार. भुसार दुकानवाल्या गुरुसिद्धप्पांची धाकटी. आज अभ्यासिकेला येताना दाराजवळच्या बादलीला धडकली आणि सगळं पाणी वर्गात. लक्ष कुठं आहे विचारलं तर नुसती हसली. या वयात लक्ष कुठं असतं ते मला कुणी शिकवायला नको.

२१ डिसेंबर

सृष्टीच्या वह्या तपासल्या. सकाळच्या तासांचं अक्षर देखणं. सायंकाळचं बघवत नाही, ओळी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या, अक्षरं बोराएवढी. बोलावून विचारलं तर म्हणाली, लाईट कमी पडतो मॅडम. त्याच ट्यूबखाली बाकीची तीस पोरं लिहितात, त्यांना कसा पुरतो? मान खाली घातली.

दुसरी गोष्ट त्याहून लागली. परवा तिन्हीसांजेला कालव्याच्या वाटेनं मी घरी निघाले होते. सृष्टी मैत्रिणीला सोडून परत येत होती, अगदी समोरून, हात लांबवला तर लागेल इतक्या अंतरावरून गेली. ना नमस्कार, ना मान हलवणं. सकाळी हीच पोर दोन्ही हात जोडते. पहिला नंबर डोक्यात गेला म्हणायचा.

रात्री जेवताना उमाशंकरना सांगितलं. आमचे हे बँकेतून निवृत्त झाल्यापासून सगळ्यांचीच बाजू घेतात. म्हणाले, दिसली नसशील तिला. मी म्हटलं, न दिसायला मी काय मुंगी आहे? माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, तसं म्हणता येणार नाही खरं. हसू आलं, पण राग गेला नाही.

५ जानेवारी

जे पाहिलं ते लिहून ठेवते, म्हणजे उद्या डोकं थंड राहील.

शाळेतली वीज गेली म्हणून अभ्यासिका लवकर सोडली. मी कुलपं बघून मागून निघाले. कालव्याच्या कडेला उसाच्या फडापाशी दोघं जण पुढं चालले होते. सृष्टी आणि तिच्याच वर्गातला, शेतकरी आण्णासाहेबांचा कृष्णराज. हातात हात. तो एक पाऊल पुढं, ती मागं, तिचा पंजा त्याच्या मुठीत. बोलत असते तर एकवेळ परवडलं असतं. न बोलता हात धरून चालायचं म्हणजे प्रकरण बरंच पुढं गेलेलं. मधेच तो थांबला, वाटेतला दगड पायानं बाजूला सारला आणि मग तिला पुढं घेतलं. केवढी ती काळजी. गावाचे दिवे आले तिथं हात सुटले. म्हणजे लपवायचं असतं हेही कळतं.

गेल्या वर्षी शेजारच्या गावातली एक मुलगी वर्गातल्या पोराबरोबर निघून गेली. आठवड्यात त्या शाळेतल्या मुलींचे बाक निम्मे रिकामे झाले. कुणा एकीची शिक्षा सगळ्यांनी भोगली. माझ्या शाळेत मी हे होऊ देणार नाही. या दोघांच्या हौसेपायी माझ्या चाळीस मुली घरी बसणार असतील तर मला वाईट व्हायला हरकत नाही.

७ जानेवारी

परिपाठात घेतलं दोघांना. माझा नियम आहे, चारचौघांत केलेली चूक चारचौघांत निस्तरायची. कुजबुज झाली की तिला पाय फुटतात. उघड विचारलं की तिथंच संपतं.

प्रतिज्ञा झाल्यावर दोघांना पुढं बोलावलं. सगळी शाळा समोर. कृष्णराजला विचारलं, परवा हिचा हात धरून चालला होतास की नाही? तो म्हणाला, "व्हय." कशाला? त्यानं सृष्टीकडं पाहिलं. तिनं किंचित मान हलवली, नाही म्हणून. तो इशारा माझ्या नजरेतून सुटला नाही. पोरगा तोंड शिवल्यासारखा उभा. तीनदा विचारलं. मग माझा हात उठला. मी पोरांना मारत नाही, गेल्या चार वर्षांत मारलं नव्हतं. गालावर बोटं उमटली, तेव्हा तो एवढंच बोलला, "मॅडम, म्या काय वाईट केलं न्हाय." सृष्टीच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. धीट आहे पोर.

दुपारी दोन्ही घरची माणसं आली. आण्णासाहेबांनी व्हरांड्यातच पोराला चपलेनं बडवलं. मी मधे पडले तेव्हा थांबले आणि त्याला घेऊन गेले, म्हणाले आता शेतातच राबू दे. गुरुसिद्धप्पा मात्र हात जोडून 'शरणार्थी' म्हणाले, आमच्यातला नमस्कार तो, आणि खाली बघत बसले. त्यांची बायको गायत्री दाराशी उभी होती. दोनदा तिनं तोंड उघडलं. दुसऱ्यांदा गुरुसिद्धप्पा मान न वळवता म्हणाले, "सुम्नीरु." मला कानडी येतं. गप्प राहा, म्हणाले. ठरलं असं की सृष्टी दिवसाच्या तासांना येईल, अभ्यासिका बंद, आई आणून सोडेल आणि घेऊन जाईल.

संध्याकाळी हात दुखत होता. कशानं ते आधी कळेना.

१४ जानेवारी

संक्रांत. मुली तिळगूळ घेऊन घरी आल्या, घर भरलं. सृष्टी आली नाही. कृष्णराज शाळेत आलेला नाही. वैजनाथ सर म्हणतात बोर्डाचा अर्ज भरलेला मुलगा आहे, वर्ष वाया जाईल. बापानं समजून घ्यायला हवं. मी तरी किती जणांचं समजून घेऊ?

२३ जानेवारी

गायत्री आली होती. भर दुपारी, डोक्यावरून पदर, मागच्या दारानं. मी म्हटलं बसा, तर भिंतीला टेकून खालीच बसली.

तिनं सांगितलं ते असं. सृष्टीला दिवस मावळला की दिसत नाही. लहानपणापासून थोडं होतं, आता वाढलं. उजेडात समोरचं चांगलं दिसतं, बाजूचं दिसत नाही, म्हणून आपटते. सोलापूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. यावर औषध नाही म्हणाले, नजर हळूहळू आवळत जाणार, किती वर्षं पुरेल ते सांगता येत नाही. डॉक्टर बोलले पण फार. नवरा-बायकोचं नातं विचारलं आणि वैतागले. गायत्री सख्ख्या मामाला दिलेली. आमच्यात ती रीतच, माझंही मामाशीच ठरत होतं, डी.एड.ला नंबर लागला म्हणून सुटले.

कृष्णराज त्यांच्या गल्लीतला. अभ्यासिका सुटल्यावर फडाच्या वाटेनं तिला तो गावापर्यंत आणायचा, एवढंच. सृष्टीनं त्याला शपथ घातली होती, काही झालं तरी सांगायचं नाही. थोरल्या महेश्वरीचं लग्न कर्नाटकात आळंदकडं ठरलंय, मे महिन्यात. पाहुण्यांना या डोळ्यांचं कळलं तर मोडेल.

मी विचारलं, मग त्या दिवशी बोलला का नाहीत? पोरीवर एवढा आळ आला, तुम्ही उभ्या राहून ऐकलंत?

ती म्हणाली, "बदनामी दोन वर्सात इसरतेत लोक, बाई. डोळं कोण इसरतंय?"

मग तिनं जे मागायचं ते मागितलं. सृष्टीनं चार दिवस अन्न टाकलंय, कृष्णराजला शाळेत घेतल्याशिवाय जेवत नाही म्हणते. त्याला परत घ्या, पण कारण कुणाला सांगू नका. आणि जाताना म्हणाली, "पोरगी म्हणती, दिसतंय तवर शिकून घेते. दहावी होऊ द्या तिची तेवढी." मी मान हलवली.

ती गेल्यावर बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिले. बादली, वह्या, कालव्याची वाट, सगळं समोर होतं. भूमिती शिकवते मी. दिलेल्या माहितीवरून निष्कर्ष काढायला शिकवते. मला फार लाज वाटली.

२४ जानेवारी

वैजनाथ सरांना आण्णासाहेबांकडं पाठवलं होतं. निरोप घेऊन आले. पोरगं पाठवतो, पण ज्या मॅडमनी साऱ्या शाळेपुढं त्याचं नाव घाण केलं त्यांनी साऱ्या गावापुढं साफ करावं. तवर त्याला फडातून हलवणार नाही. त्यांचं चुकत नाही. माझाच नियम त्यांनी मला ऐकवला.

उमाशंकरना सगळं सांगितलं. ते म्हणाले, माझं चुकलं, पोरगा निर्दोष आहे, एवढं म्हण आणि खाली बस. का चुकलं ते सांगू नको. मी म्हटलं, नुसतं एवढ्यावर कोण विश्वास ठेवेल? लोक म्हणतील आण्णासाहेबांनी दम दिला म्हणून बाई नमल्या. भूमितीत विधानापुढं कारण लिहिलं नाही तर मी स्वतः गुण कापते. त्यावर ते म्हणाले, "जगदेवी, गाव म्हणजे पेपर न्हाय." आणि कूस वळवून झोपले. असं बोलून झोपायला सोपं असतं.

आणि दुसरंही आहे. डोळ्यांचा आजार हा काय गुन्हा आहे? झाकून ठेवल्यामुळंच तो गुन्हा होतो. सृष्टीला परीक्षेत जादा वेळ मिळू शकतो, लेखनिक मिळू शकतो, सवलती आहेत. त्यासाठी कधीतरी सांगावंच लागणार. आईबाप अडाणी भीतीनं पोरीचं नुकसान करताहेत. मी गायत्रीला शब्द दिला का? मान हलवली होती. मान हलवणं म्हणजे वचन नव्हे.

२६ जानेवारी

झेंडावंदनाला एवढं गाव मी या चार वर्षांत पाहिलं नव्हतं. बातमी लागली असणार. सरपंच, पालक, बाया भिंतीला धरून उभ्या. कृष्णराज बापाच्या शेजारी, नवा शर्ट घालून.

भाषणं झाल्यावर मी माईक घेतला. कागद नव्हता हातात. म्हटलं, ज्या जागी मी या मुलाला मारलं त्याच जागी उभी राहून माफी मागते. मी एक विद्यार्थी चोर ठरवला आणि तो रखवालदार निघाला. मग सगळं सांगितलं. सृष्टीला अंधारात दिसत नाही, हा आजार आहे, यात तिचा दोष नाही, आणि या पोरानं शब्द पाळण्यासाठी मार खाल्ला पण तोंड उघडलं नाही. माझा आवाज शेवटी फुटला. कृष्णराजला जवळ घेतलं, तो ताठ उभा राहिला. टाळ्या थांबेनात. सरपंचांनी डोळे पुसले. आण्णासाहेब पुढं येऊन म्हणाले, बाई असावी तर अशी. वैजनाथ सरांसारखा माणूस म्हणाला, मॅडम, आज आम्ही शिकलो.

सृष्टी मुलींच्या रांगेत पुढंच बसली होती, उन्हात. तिचं नाव घेतलं तेव्हा सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. ती उठली आणि फाटकातून बाहेर गेली, गायत्री तिच्या मागं. मन भरून आलं असावं. मुलीला एकांत हवा असतो अशा वेळी. जिलेबी वाटायला ती नव्हती, मी तिच्या वाटची बांधून ठेवायला सांगितली.

तीन आठवड्यांत पहिल्यांदा हलकं वाटलं. चूक झाली ती मान्य केली. किती मुख्याध्यापक करतील?

उमाशंकर मागच्या रांगेत होते. घरी येताना वाटभर माझ्या चार पावलं पुढं चालले.

३१ जानेवारी

वैजनाथ सरांनी सांगितलं. महेश्वरीचं लग्न मोडलं. आमच्या गावातली एक सून आळंदकडची, तिनं सत्तावीस तारखेलाच माहेरी फोन केला होता. पाहुणे परवा चौघं जण आले, चहा घेतला नाही, आमच्या रक्तात हे नको म्हणाले आणि गेले.

एवढ्यावरून लग्न मोडणारी माणसं. उद्या त्यांनी तिला काय सुखात ठेवलं असतं? मोडलं ते एका अर्थी बरंच झालं. हे मी सरांना बोलूनही दाखवलं. त्यांनी 'हो' म्हटलं आणि हजेरी घेऊन वर्गात गेले.

सृष्टी सव्वीस तारखेपासून आलेली नाही.

११ फेब्रुवारी

हॉलतिकीट घेऊन त्यांच्या घरी गेले. दुकान पुढं, घर मागं. गुरुसिद्धप्पा पोत्यावर बसले होते. यावेळी शरणार्थी म्हणाले नाहीत. मी लेखनिकाचं, जादा वेळेचं सगळं समजावलं, अजून धावपळ केली तर काही जमू शकेल म्हटलं. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माफी तुमी मागितली, मॅडम. भोगती आमची थोरली."

मी म्हटलं, मला एकदा सृष्टीशी बोलू द्या. त्यांनी आत बघितलं.

ती आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली होती. पलीकडं महेश्वरी ज्वारी निवडत होती, तिनं वर पाहिलं नाही. सृष्टी वाळली आहे. मी हॉलतिकीट पुढं केलं. तिनं ते घेतलं, स्वतःचा फोटो पाहिला, आणि परत माझ्या हातात दिलं. म्हणाली, लेखनिक नको होता मला मॅडम. पेपर दिवसा असतो. मला लिहिता आला असता.

मग लिही की, म्हटलं. कोण अडवतंय? बाबांशी मी बोलते.

तिनं बहिणीकडं बोट केलं नाही, पण आवाज खाली आणला. "अक्का माझ्यामुळं घरात बसली. तिच्यापुढनं मी दप्तर घेऊन कशी निघू?"

मी बरंच काही बोलले. आयुष्य मोठं आहे, दहावी म्हणजे पाया, तुझ्यासारख्या मुलीनं हरायचं नसतं. माझं मलाच ते परिपाठातल्यासारखं ऐकू येत होतं. ती ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, आई तुमच्या पाया पडली होती ना, मॅडम?

पाया पडली नव्हती खरं तर. भिंतीला टेकून बसली होती. मी तसं म्हणाले नाही.

२१ फेब्रुवारी

पहिला पेपर. आमची मुलं अणदूरच्या केंद्रावर. मी सकाळपासून फाटकात उभी होते, रिक्षा, जीप, मोटरसायकली बघत. सृष्टीला आणायला काल वैजनाथ सर गेले होते, आज पहाटे मीही जाऊन आले, दुकानाचं शटर खाली होतं. घंटा झाल्यावर केंद्रसंचालकांची परवानगी घेऊन वर्गाच्या खिडकीपर्यंत गेले. तिचा बाक दुसऱ्या रांगेत, खिडकीला लागून. भरपूर उजेड होता तिथं.

पेपर सुटल्यावर मुलांनी गलका केला, सोपा होता म्हणून. कृष्णराज बाजूला चप्पल घालत होता. मी जवळ जाऊन विचारलं, कसा गेला? बरा, म्हणाला. मी म्हटलं, तू एकदा तिच्याशी बोल, तुझं ऐकेल. उरलेले पेपर तरी देऊ दे तिला.

तो उभा राहिला. उंच झालाय या दोन महिन्यांत. म्हणाला, "सांगू नको म्हणली व्हती, म्हणून म्या मार खाल्ला. ते वाया घालवलं तुमी." मग खाली बघून म्हणाला, "तुमी मला मारलं तवा राग न्हवता आला, मॅडम."

आणि मुलांच्या घोळक्यात गेला. मी जीपमध्ये बसले. ड्रायव्हरनं दोनदा विचारलं, निघू का.

१७ मार्च

परीक्षा संपली. एकही पेपर दिला नाही तिनं.

२ मे

काल महाराष्ट्र दिन, पाचवी ते नववीचे निकाल वाटले. वर्ष संपलं. संस्थेला मुख्याध्यापकाचं वार्षिक मनोगत द्यावं लागतं, त्याला बसले होते. अभ्यासिका, शौचालयाचं काम, विज्ञान प्रदर्शनातलं तालुक्याचं बक्षीस, सगळं भराभर लिहून झालं. शेवटी 'या वर्षातून काय शिकलो' असं एक सदर आहे. तिथं अडकले.

पहिल्यांदा लिहिलं, घाईनं निष्कर्ष काढू नये. ते खोडलं. ते तर जानेवारीतच कळलं होतं. मग लिहिलं, आजाराविषयी समाजात अजून अज्ञान आहे. तेही खोडलं. उमाशंकर चहा घेऊन आले, खोडलेलं वाचलं. मी म्हटलं, तुम्हीच सांगा, खोटं बोलले होते का मी माईकवर? एक अक्षर तरी खोटं होतं? ते म्हणाले, नव्हतं. मग? ते म्हणाले, "ते तुझं न्हवतं सांगायचं." आणि कप ठेवून गेले.

मला ते पटत नाही. पूर्ण पटत नाही. मी झाकून ठेवलं असतं तर तो मुलगा फडात सडला असता. दोघांपैकी एकाला वाचवलं, असंही म्हणता येईल. पण मी दोघांत निवड केली नव्हती, हे मला ठाऊक आहे. त्या सकाळी मला फक्त माझं मन मोकळं करायचं होतं. टाळ्या थांबल्या नाहीत तेव्हा मला बरं वाटलं होतं.

सदरात अखेर लिहिलं, पालकांशी संवाद वाढवण्याची गरज जाणवली. सही केली.

१४ मे

दहावीचा निकाल. शंभर टक्के.

बोर्ड परीक्षेला बसलेल्यांतून उत्तीर्ण मोजतं. जी बसलीच नाही ती हिशोबात येत नाही. शाळेच्या इतिहासात पहिल्यांदा शंभर टक्के लागला आणि तो लागायला सृष्टीच्या गैरहजेरीनं काही बिघडलं नाही. वैजनाथ सरांनी पेढे आणले. कृष्णराजला त्र्याहत्तर टक्के. संस्थेच्या अध्यक्षांचा फोन आला, जूनमध्ये सत्कार ठेवतो म्हणाले. मी 'नको' म्हणाले, त्यांना तो विनय वाटला. गावात फलक लागला आहे, माझ्या फोटोसह. सव्वीस जानेवारीचाच फोटो, माईक हातात असलेला.

पुरवणी परीक्षा जुलैत आहे. अर्जाची मुदत थोडी आहे. उद्या जाते तिच्याकडं. यावेळी भाषण नाही, एवढंच म्हणेन की माझं चुकलं, तू बस परीक्षेला, लागेल ते मी करते. बहिणीच्या पायाही पडेन.

१६ मे

काल जायचं धाडस झालं नाही. आज गेले. दिवसभर फलकाखालून चार लोकांत जायची लाज वाटली म्हणून दिवस मावळायची वाट बघितली. ही वेळ मी का निवडली, हे तिथं पोचेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही.

दुकान बंद होतं. मागच्या बोळानं गेले. लाईट गेलेली. सृष्टी अंगणात एकटीच होती, वाळत घातलेले कपडे काढत होती. एकेका कपड्यावरून हात फिरवत दोरीच्या कडेनं सरकत होती. साडी, मग टॉवेल, मग बापाचं धोतर. घडी नीट घालत होती. मी तिच्यापासून चार हातांवर उभी राहिले. इतक्या जवळ कुणी माणूस असतं आणि आपण त्याच्या नजरेत नसतो, हे कालव्याच्या वाटेवर मला कळलं नव्हतं.

पायाखाली पाचोळा वाजला असावा. ती थांबली. माझ्याच दिशेला तोंड करून म्हणाली, "कोण हाय?"

सगळं ठरवून गेले होते. माझं चुकलं, एवढे दोनच शब्द. जन्मभर बोलण्याचा धंदा केला मी. शब्द तोंडात आले आणि तिथंच राहिले, कारण माझा आवाज ऐकल्यावर तिचा चेहरा कसा होईल ते मला अगोदरच दिसलं.

तिनं हातातले कपडे छातीशी धरले. पुन्हा म्हणाली, "कोण हाय तिथं? कृष्णा?"

मी वाकून चपला काढल्या, हातात घेतल्या, आणि आवाज होऊ नये म्हणून अनवाणी बोळातून बाहेर आले. ती मागून अजून विचारत होती.